नस दाखवताना

माझ्या सोनोग्राफीच्या खोलीत मॉनिटरचं तोंड कायम माझ्याकडे असतं. टेबलावर झोपलेल्या बाईला तो दिसत नाही, सोबत आलेल्या सासूला किंवा नवऱ्याला तर नाहीच. 1997 साली सोलापुरात सेंटर सुरू केलं तेव्हापासून हीच मांडणी आहे. बाहेर पाटी, ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’, आणि आत हा पाठमोरा मॉनिटर. महाराष्ट्राने यासाठीचा आपला कायदा 1988 सालीच केला होता, देशाचा कायदा 1996 च्या जानेवारीपासून लागू झाला, आणि माझा सगळा व्यवसाय त्या कायद्याच्या छायेत झाला. बाळाचं डोकं मोजायचं, पोट मोजायचं, मांडीचं हाड मोजायचं आणि बाकी काही बोलायचं नाही. आईने मान उंचावून बघायचा प्रयत्न केला तर हात आडवा धरायचा. ही सवय अंगात इतकी मुरली की पित्ताशयातले खडे बघतानासुद्धा मॉनिटर पेशंटकडे वळवावा असं कधी मनात आलं नाही.

तो पहिल्यांदा वळवला एका मनगटासाठी.

2014 सालचा उन्हाळा. कुंभारीच्या विडी घरकुलातून, विडी कामगारांच्या वसाहतीतून, एक बाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, अंगाने बारीक, हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत जुने कागद. रिसेप्शनवरच्या मुलीने चिठ्ठी वाचली आणि सवयीने विचारलं, “लघवी साठलीय का? पाणी पिऊन बसा.” बाई गोंधळल्या. आत आल्या त्या सांगतच आल्या, “म्याडम, पोटात माझ्या काय बी नाही. हाताला लिहून दिलंय डॉक्टरांनी.”

आमच्याकडे सोनोग्राफी म्हणजे पोट, हे इतकं पक्कं आहे की हाताची सोनोग्राफी म्हटल्यावर लोकांना फसवणूक झाल्यासारखं वाटतं. त्यांच्या मुलालाही तसंच वाटलं होतं. “एक्स-रे काढा की,” तो दारातून म्हणाला. एक्स-रे काढलेला होता, पिशवीत होता, आणि त्यात काही नव्हतं. हाडं स्वच्छ होती. एक्स-रेमध्ये नस दिसत नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

मी त्यांना अक्का म्हटलं. सोलापूरच्या पूर्वभागात तेच चालतं. अक्कांना विचारलं, काय होतं?

“रात्री दोनला उठून बसायलेय मी. मुंग्या यायल्यात, आग आग व्हायलीय. हात असा झटकला की जरा बरं वाटतंय. मग परत.” त्यांनी हात झटकून दाखवला, थर्मामीटर झटकतात तसा. त्या झटकण्याला आमच्या शास्त्रात नाव आहे, पण नाव माहीत नसलेली प्रत्येक बाई तो हात तसाच झटकते. खाटेवरून हात खाली लोंबकळत ठेवून झोपते. सकाळी भाकरी थापायला बसते आणि पीठ हाताला लागतंय की नाही ते कळत नाही.

“करंगळीला येतात का मुंग्या?”

त्यांनी करंगळी वेगळी धरून पाहिली, जणू हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. “नाही. करंगळी चांगली हाय.”

तिथेच अर्धं निदान झालं होतं. मनगटातून हाताच्या पंज्यात जाणारी मधली नस, मीडियन नर्व्ह, अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू सांभाळते. करंगळीची नस वेगळी, तिची वाट वेगळी. करंगळी सोडून बाकीची बोटं रात्री जागवत असतील तर बहुतेक वेळा अडचण मनगटात असते. तळहाताच्या बुडाशी, अंगठ्याच्या मुळाजवळची कातडी मात्र शाबूत राहते, कारण तिच्याकडे जाणारी फांदी बोगद्याच्या आधीच फुटून वरून निघून जाते. शरीराची ही वायरिंग इतकी नेमकी आहे की नीट ऐकून घेतलं तर पेशंट स्वतःच नकाशा काढून देते. अक्कांनी तो चार वर्षं काढून दिला होता. कोणी वात म्हणालं, कोणी कॅल्शियम कमी म्हणालं, एकाने शिरेवर शीर चढलीय म्हणून रगडून दिलं होतं. घरात म्हणत, वय झालं.

त्या विड्या वळत होत्या, वयाच्या बाराव्या वर्षापासून. सोलापुरातल्या हजारो बायका हेच करतात. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली पानं आणि तंबाखू, हातात कात्री. पत्र्याच्या मापाने पान कापायचं, तंबाखू भरायची, अंगठा आणि दोन बोटांत धरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. दिवसाला हजार विड्यांचा हिशेब. मी त्यांना म्हटलं, करून दाखवा. त्यांनी हवेतच एक विडी वळली. मनगट आत वाकलेलं, अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांवर घासत होतं. ज्या बोटांना मुंग्या येत होत्या तीच ती बोटं.

मनगटाच्या पुढे तळहाताच्या बुडाशी एक बोगदा आहे, कार्पल टनल. खालून आणि दोन्ही बाजूंनी लहान लहान हाडांची पन्हळ, आणि वरून एक जाड, न ताणला जाणारा आडवा बंध. या एवढ्याशा जागेतून बोटं मिटवणारे नऊ कंडरे जातात, म्हणजे स्नायूंचे दोर, आणि त्यांच्यासोबत एकच नस. जागा वाढत नाही. कंडऱ्यांभोवतीचं आवरण जरा सुजलं, मधुमेहाने किंवा थायरॉइडच्या कमतरतेने आतल्या ऊती जाड झाल्या, गरोदरपणात अंगात पाणी साठलं, मनगटाचं हाड मोडून वाकडं जुळलं, काहीही झालं तरी दाब शेवटी येतो तो सगळ्यांत मऊ असलेल्या नसेवर. अक्कांना मधुमेहही होता. विड्यांनी हा आजार झाला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एका मनगटात कारणं किती मिसळलेली असतात ते मला आता माहीत आहे. पण त्या कामाने त्या नसेला कधी विसावा मिळू दिला नाही, एवढं मी म्हणेन.

त्या वर्षी मी नवं मशीन घेतलं होतं आणि त्यासोबत एक सपाट तोंडाचा, बारीक प्रोब आला होता. पोटासाठी आम्ही साधारण साडेतीन मेगाहर्ट्झचा प्रोब वापरतो. त्याचा आवाज खोल जातो, पण बारकावे सोडून देतो. हा नवा प्रोब 12 च्या पुढे जाई. त्याला चार-पाच सेंटिमीटरच्या खालचं काही दिसत नाही, पण कातडीखालच्या पहिल्या सेंटिमीटरात तो असं काही दाखवतो की मी पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी पेशंट संपले की स्वतःच्याच मनगटावर जेली लावून बसायची. मीडियन नर्व्ह शरीरशास्त्राच्या पहिल्या वर्षात मी शवविच्छेदनाच्या टेबलावर पाहिली होती, पिवळट, निर्जीव दोरीसारखी. आपल्याच हातात ती जिवंत, बोटं हलवल्यावर सरकताना पाहिली तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून होते.

अक्कांना समोर खुर्चीवर बसवलं, टेबलावर घडी केलेला टॉवेल, त्यावर हात उताणा. जेली भरपूर, कारण प्रोब दाबायचा नसतो. नस इतकी मऊ असते की दाबली तर आपणच ती चपटी करतो आणि मग आपणच केलेली चपटी नस रिपोर्टमध्ये लिहितो. प्रोब जेलीवर नुसता टेकवायचा, हाताचं वजन करंगळीवर तोलायचं. खूण म्हणजे करंगळीच्या बाजूचं वाटाण्याएवढं हाड. त्याचं लॅटिन नावही वाटाण्यावरूनच पडलं आहे, पिसिफॉर्म. ते हाड एका बाजूला दिसलं की बोगद्याचं तोंड सापडलं. त्याच्या शेजारी एक धमनी धडधडत असते, ती करंगळीच्या नसेची सोबतीण. आणि मध्यावर, आडव्या बंधाच्या अगदी खाली, मीडियन नर्व्ह.

शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी ती सापडत नाही. नऊ कंडरे आणि एक नस, सगळ्यांचे छेद गोल-लंबगोल, करडे-पांढरे. पण एक युक्ती आहे. प्रोब जागेवरच किंचित तिरपा करायचा. कंडरे आवाजाला लहरी असतात. सरळ आवाज पडला तर लखलखतात, जरा तिरपा झाला की एकदम काळे पडतात. दिवे मालवल्यासारखे ते एकामागून एक विझतात आणि जी एक आकृती फारशी न बदलता उरते, ती नस. तिच्यात डोकावलं तर मधाच्या पोळ्यासारखं दिसतं, काळे बारीक ठिपके आणि त्यांच्याभोवती पांढरी जाळी. ते ठिपके म्हणजे तंतूंचे जुडगे.

अक्कांच्या नसेत ती जाळी पुसली गेली होती. सगळं एकसारखं काळपट आणि फुगलेलं. कडेच्या पांढऱ्या किनारीच्या आतून मी रेघ फिरवली. 17 चौरस मिलिमीटर. निरोगी माणसात इथे साधारण 10 च्या आत आकडा येतो, म्हणजे ज्वारीचा दाणा आडवा कापला तर होईल एवढासा छेद. मग प्रोब कोपराकडे सरकवत गेले. दहा-बारा सेंटिमीटर वर, जिथे कंडरे संपून स्नायू सुरू होतात आणि नस दोन थरांच्या मधून जाते, तिथे तीच नस 7 होती. तिथे मधाचं पोळंही स्वच्छ. एकाच बाईची एकच नस, एका टोकाला निरोगी आणि अर्धी वीत खाली दुपटीहून जाड. माझ्या मते हीच तुलना जास्त बोलते. नुसत्या 10 च्या आकड्यावर मी कोणाचंही निदान करत नाही. माणसं लहानमोठी असतात, नसाही. पण बाईची स्वतःचीच वरची नस तिची साक्षीदार असते.

मग प्रोब उभा फिरवला. आता नस लांबीत दिसायला लागली, डावीकडून रुंद येणारी आणि बंधाखाली शिरताना एकदम चिमटलेली. मी मोजमाप गोठवलं, रिपोर्टचे शब्द मनात जुळवायला लागले, आणि अक्का म्हणाल्या, “काय दिसायलंय का नाही, म्याडम?”

त्यांचा आवाज असा होता की नाही म्हटलं असतं तर त्या निमूटपणे उठून गेल्या असत्या. चार वर्षं सगळ्यांनी नाहीच म्हटलं होतं.

मी मॉनिटरचा हात धरला आणि तो त्यांच्याकडे वळवला. स्क्रू इतका घट्ट बसला होता की आवाज झाला.

“ही तुमची नस,” मी म्हटलं. “इकडून येतेय. बघा, इथे किती जाड आहे. आणि इथे बघा.”

त्या पुढे वाकल्या. चष्मा नव्हता, तरी डोळे बारीक करून बघत राहिल्या. मी म्हटलं, बोटं मिटा, उघडा. पडद्यावर नसेखालचे कंडरे सर्रकन मागेपुढे पळाले, दोरावर दोर. नस त्यांच्यावर जेमतेम हलली. त्या दोन-तीनदा मूठ मिटून उघडून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “घट्ट बांगडी भरल्यावर वर मांस फुगतं, तसं झालंय हे.”

यापेक्षा अचूक वर्णन मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. 1913 साली पॅरिसमध्ये पिएर मारी आणि शार्ल फ्वा या दोन डॉक्टरांनी एका मृत वृद्ध रुग्णाचं मनगट उघडून हेच पाहिलं होतं. अंगठ्याखालचे स्नायू सुकलेले, नस बंधाच्या वर गाठीसारखी फुगलेली आणि बंधाखाली बारीक. हा बंध वेळेत कापला असता तर स्नायू वाचले असते, असं त्यांनी तेव्हाच सुचवून ठेवलं. पण जिवंत माणसाच्या हातात, हात न कापता, ती फुगलेली नस बघायला पुढची पाऊणशे वर्षं गेली. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या बुखबर्गर यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सोनोग्राफीवर तीच तीन लक्षणं मोजून दाखवली, बोगद्याच्या तोंडाशी फुगलेली नस, आत चपटी झालेली नस आणि वर कमानीसारखा उचललेला बंध. त्यानंतरचे सगळे आकडे त्या कामावर उभे आहेत.

अक्कांनी दाराकडे बघून मुलाला हाक मारली. तो आत आला. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं, काचेवर जेलीचा ठसा उमटला. “बघ,” एवढंच म्हणाल्या. मुलगा बघत राहिला. मी त्याला पुन्हा सगळं समजावलं, वरची नस, खालची नस, सात आणि सतरा. तो काही बोलला नाही. जाताना आईची पिशवी त्याने घेतली.

त्या दिवसापासून मनगट आलं की मी मॉनिटर वळवते. याची मला इतकी गरज का वाटते, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. दुखणं हे एकट्याचं असतं आणि रात्रीचं दुखणं तर फारच एकट्याचं. बाहेरून हात धड दिसतो, सूज नाही, लाली नाही. घरातल्यांनी विश्वास ठेवावा तो कशावर? ज्या बाईचं सगळं आयुष्य हातांवर चालतं तिच्या तोंडचं “हाताला कळत नाही” हे वाक्य ऐकायला आपल्याकडे कोणाला फुरसत नसते. पडद्यावरची ती काळपट फुगवटी घरातल्यांना तिचं बोलणं ऐकायला लावते. हे काम रिपोर्टच्या कागदाने होत नाही.

या तपासणीला विरोधही झाला, आणि तो सगळाच चुकीचा नव्हता. आमच्या भागात मनगटाची नस म्हटलं की नर्व्ह कंडक्शनची तपासणी करायची पद्धत, म्हणजे विजेचे छोटे झटके देऊन नस संदेश किती वेगाने नेते ते मोजायचं. ती तपासणी नसेचं काम मोजते, मी तिचा आकार मोजते. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. झटक्यांची तपासणी सुरुवातीच्या काही पेशंटमध्ये नॉर्मल येते आणि दाब कशामुळे आहे ते सांगू शकत नाही. गाठ आहे, गँगलियन आहे, कंडऱ्याचं आवरण सुजलंय, हे फक्त बघूनच कळतं. उलट नस किती खचली आहे, किती परत येईल, हे माझ्या आकड्यांपेक्षा झटके चांगलं सांगतात. 2012 साली अमेरिकेत झटक्यांच्या तपासण्या करणाऱ्या डॉक्टरांच्याच संघटनेने पुरावे तपासून सोनोग्राफीने कार्पल टनलचं निदान अचूक होतं असं मान्य केलं, तेव्हा माझी बरीच भांडणं आपोआप मिटली. मी अजूनही सांगते, स्नायू सुकायला लागला असेल किंवा ऑपरेशनचा विचार असेल तर दोन्ही करा.

आता माझ्या एका चुकीबद्दल लिहिते, कारण ती लिहिल्याशिवाय हे लिखाण खरं होणार नाही.

2016 मध्ये एक शिक्षिका आल्या. खडू हातातून पडतो, रात्री बोटं बधिर होतात. मी बोगद्याच्या तोंडाशी नस शोधली, रेघ फिरवली, 7 आलं. मनात म्हटलं, छान. नॉर्मल लिहिलं, मानेचा एमआरआय काढून बघा असंही सुचवलं. बाईंनी तो काढला, मानेत थोडीफार झीज निघालीच, चाळिशीनंतर ती कोणाच्याही मानेत निघते. मानेचे व्यायाम झाले, पट्टा झाला. दहा महिन्यांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा तळहात पुढे केल्याबरोबर मला ते दिसलं. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसला होता. अंगठा तळहातापासून वर उचलून धरायला सांगितला, तर माझ्या एका बोटाच्या दाबाने खाली गेला.

पुन्हा प्रोब ठेवला. सात चौरस मिलिमीटरची नस होती तिथेच होती. तिच्या शेजारी आणखी एक करडी आकृती होती, जिला मागच्या वेळी मी कंडरा समजले होते. या वेळी प्रोब तिरपा केला. ती विझली नाही. दोन्हींच्या मध्ये एक बारीक काळा ठिपका होता, रक्तप्रवाह दाखवणारं डॉप्लरचं बटण दाबलं आणि तो लाल होऊन धडधडला. नस दोन फाट्यांत होती, दुभंगलेली, आणि मधून एक धमनी जात होती, जी गर्भावस्थेत सगळ्यांना असते आणि पुढे बहुतेकांची विरून जाते. काहींची राहते. दोन फाटे मोजून बेरीज केली, 15. वर कोपराकडे, जिथे ती अजून एक होती, तिथे 8.

मी दहा महिन्यांपूर्वी अर्धी नस मोजली होती.

मी त्यांना ते तसंच सांगितलं. मॉनिटर वळवून, दोन्ही फाटे दाखवून सांगितलं की मागच्या वेळी हा दुसरा मी पाहिला नाही. त्या गप्प राहिल्या. मग एकच विचारलं, “आता अंगठा परत भरेल का?” सर्जनने ऑपरेशन चांगलं केलं, धमनी आधीच माहीत असल्यामुळे जपून केलं. रात्रीची आग गेली, खडू हातात राहायला लागला. अंगठ्याखालचा उंचवटा पूर्ण भरला नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास त्या रस्त्यात कुठेतरी भेटतात, विचारपूस करतात, आणि माझी नजर त्यांच्या तळहाताकडे जाते.

तेव्हापासून माझ्याकडे एकही मनगट डॉप्लरशिवाय, आणि कोपरापर्यंत नसेच्या मागे गेल्याशिवाय उठत नाही. हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीकडून करून घेते. एका जागी थांबून मोजलेली नस मला मान्य नाही.

याच सवयीने पुढे एकाचा हात वाचवला. यंत्रमागावर काम करणारा तिशीतला माणूस, चिठ्ठीवर कार्पल टनलच लिहिलेलं. बोगद्याच्या तोंडाशी नस जाड होती, पण वर कोपराकडे जावं तशी बारीक व्हायला हवी ती होईना. मनगटाच्या वर चार बोटं ती जाडच होती, उलट जास्त जाड, आणि आत डॉप्लरमध्ये रक्तप्रवाह पेटलेला. मग कोपराच्या मागे करंगळीची नस पाहिली, तीही दोरखंडासारखी. बंधाचा दाब असा वागत नाही. मी प्रोब बाजूला ठेवला आणि शर्ट काढायला सांगितलं. दंडाच्या मागे एक फिकट चट्टा होता, त्याला कापसाचा स्पर्श कळत नव्हता. कुष्ठरोग. आपल्याकडे नस जाड दिसली की हा शब्द डोक्यात असलाच पाहिजे, आणि पाश्चात्त्य पुस्तकांवर वाढलेल्या आमच्या पिढीच्या डोक्यात तो शेवटी येतो. उपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. बारा महिन्यांची औषधाची पाकिटं, आणि नसेची सूज उतरवायला सोबत स्टेरॉइड. त्याने सगळी पाकिटं संपवली. त्याची बोटं वाकडी झाली नाहीत. त्याचा बंध कापला असता तर आजार आतच राहिला असता.

अक्कांचं सांगायचं राहिलं. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट त्यांनी दोन महिने बांधला, साखर आटोक्यात आणली, एक इंजेक्शनही झालं. डाव्या हाताला, जिथे आकडा 13 होता, त्याने पुरेसा आराम पडला. उजव्याचा बंध कापावा लागला. ऑपरेशननंतर वर्षाने तपासलं तर उजवी नस अजून 13 होती. निरोगी आकड्यावर ती आली नव्हती, आणि बहुतेकांची येतही नाही. “झोप लागते का?” विचारलं. “लागतीय की,” त्या म्हणाल्या. मी रिपोर्टमध्ये 13 लिहिलं आणि खाली ओळ घातली, रात्रीचा त्रास नाही. यंत्राला माहीत नसलेली गोष्ट कागदावर असली पाहिजे.

विडी घरकुलात हे मशीन घेऊन जावं, एका रविवारी पन्नास मनगटं बघावीत, असं मला फार वाटायचं. जाता येत नाही. गर्भलिंग निदानाच्या कायद्याखाली प्रत्येक मशीनची नोंद एका पत्त्यावर असते, ते समुचित प्राधिकाऱ्यांना कळवल्याशिवाय इकडचं तिकडे हलत नाही. नसेच्या कामाचं असलं तरी तेच मशीन पोटावर ठेवता येतं. याबद्दल माझी तक्रार नाही. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे 913 मुली होत्या, 2011 मध्ये 894. आमच्याच हातातल्या यंत्राने ते आकडे घडवले. तेव्हा मशीन जागेवरच राहू दे. पण म्हणून बायकांना एक दिवसाच्या विड्या बुडवून, बस बदलून माझ्यापर्यंत यावं लागतं, आणि ज्यांना यायला जमत नाही त्यांची मनगटं कोणी बघत नाही, हेही मला दिसतं. आता महिन्यातला एक शनिवार फक्त मनगटांसाठी ठेवलाय. विडी घरकुलातल्या आशाताईंना करंगळीचा प्रश्न शिकवलाय. करंगळी सोडून मुंग्या, रात्रीची जाग, हात झटकणं. एवढं असलं की त्या नाव लिहून घेतात.

गेल्या मार्चमधल्या शनिवारी अक्का त्यांच्या जावेला घेऊन आल्या. जाऊ घाबरलेली, हात पुढे करायला तयार नाही. मी जेली लावली, प्रोब टेकवला, उभा फिरवला आणि मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. अजून काही बोललेही नव्हते, तोच अक्का जावेच्या कानाशी वाकून तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या, आणि मग माझ्यासाठी मराठीत म्हणाल्या, “मूठ मीट गं. बघ, खालच्या पळायल्यात का? ही वरची पळत नाही ना, ती तुझी नस.”

जावेने मूठ मिटली, उघडली, परत मिटली.

मी रेघ फिरवायला सुरुवात केली.